कठड्याआडची लेणी

जयराम शेजवळ मास्तरांनी उभी हयात भूगोल शिकवला आणि तो सगळा उभ्यानेच शिकवला. वर्गातली खुर्ची त्यांच्या लेखी डस्टर ठेवायला होती. हातात छडी, भिंतीवर नकाशा आणि तोंडाची टकळी अशी, की शेवटच्या बाकावर पेंगणारा पोरगासुद्धा गोदावरीबरोबर वाहत जाऊन समुद्राला मिळायचा. घरी आले की मात्र तोंडाला कुलूप. "चहा टाक", "दिवा घालव", अशा दोन-तीन वाक्यांवर मास्तरांनी संसार ओढला, असं नाशिकरोडच्या शेजारणी म्हणत. यशोदाबाई हसत, पण नाही म्हणत नसत.

यशोदाबाई लासलगावकडच्या. बोलण्याची भारी हौस, आणि पदरात पडला हा मुखदुर्बळ नवरा. त्याचं त्यांनी कधी भांडवल केलं नाही. त्यांचं एकच मागणं होतं, ते म्हणजे लेणी. गाव पांडवलेणी म्हणतं, त्या बुद्धलेणी म्हणत. दर बुद्धपौर्णिमेला पांढरं पातळ नेसून त्या डोंगर चढायच्या, पायऱ्यांवर भेटेल त्या बाईशी गप्पा मारत. मग संधिवाताने कंबर धरली. वाकल्या त्या वाकल्याच. काठी टेकत खोलीतल्या खोलीत फिरत, एरवी बसून असत.

"चढायचं ऱ्हाऊ द्या," त्या एकदा म्हणाल्या. "रोज नुसती नजरंला पडली, तरी लय झालं."

मास्तरांनी पेपराचं पान उलटलं. पण चौऱ्याऐंशी साली निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की आता उंचावरचा ब्लॉक घ्यायचा, लिफ्टचा. बायकोला बसल्या जागेवरून लेणी दिसली पाहिजे. माणूस मनाचा वाईट नव्हता, फक्त ते मन दाखवायची त्याला लाज वाटायची.

त्या दिवसांत नाशकात लिफ्टच्या इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मास्तरांच्या पसंतीस दोन उतरल्या. एक शरणपूर रोडला, बांधून तयार. दुसरी त्र्यंबक रोड ओलांडून तिडके कॉलनीत, अजून बांबूची परांची बांधलेली. मध्ये फार तर मैलभराचं अंतर, पण लोक असे बोलत की जणू दोन वेगळी राज्यं. शरणपूर रोडवाले म्हणत, तिडके कॉलनीत संध्याकाळनंतर कुत्रं भेटायचं नाही. तिडके कॉलनीवाले म्हणत, शरणपूर रोडला गर्दीत जीव गुदमरायचा. पहिल्या मजल्याच्या वर आयुष्यात न राहिलेली माणसंही सहाव्या मजल्यावरच्या वाऱ्याबद्दल छातीठोक बोलत होती.

शरणपूर रोडच्या इमारतीत मास्तर बायकोला घेऊन गेले. लिफ्ट चालू होती. यशोदाबाई पहिल्यांदाच लिफ्टमध्ये बसल्या. बसल्या म्हणजे लिफ्टमनने आपलं स्टूल दिलं, म्हणून खरंच बसल्या. वर गॅलरीत रंगाऱ्याचा एक डबा पालथा पडला होता, त्यावर त्या टेकल्या. आत एजंट मास्तरांना कपाटाची जागा दाखवत होता. दाखवता दाखवता त्याने विचारलं, "शेजवळ म्हणजे कोणते शेजवळ?"

"नाशिकरोडचे," मास्तर म्हणाले.

"ते झालं हो. मूळचे? नाही, इथे सगळे एका विचाराचे लोक आहेत, म्हणून आपलं विचारलं."

हा प्रश्न मास्तरांना नवा नव्हता, पण त्याचा कंटाळाही कधी आला नव्हता. दर वेळी नव्याने अंगाची आग व्हायची. तेवढ्यात गॅलरीतून यशोदाबाईंची हाक आली. "अहो, इथून बी दिसतीय की लेणी! बसल्या बसल्या दिसतीय, गजांतून. या ना बघायला."

"चल," मास्तर म्हणाले.

"आवो पण..."

"चल म्हटलं ना. तिडके कॉलनीतून याहून मोठी दिसेल."

दोन पैशांचा एजंट, पण निवाडा त्यानेच केला. खाली येईपर्यंत मास्तरांनी मनात शरणपूर रोडवर फुली मारली होती.

तिडके कॉलनीच्या इमारतीला लिफ्ट बसायची होती, त्यामुळे मास्तर एकटेच चढून गेले. सहाव्या मजल्याची उघडी स्लॅब. भिंती नाहीत, कठडा नाही, नुसता वारा. नैर्ऋत्येला डोंगर असा समोर उभा की हात लावावा. लेण्यांची काळी ओळ उघड्या डोळ्यांनी दिसत होती. मास्तरांनी खिशातलं होकायंत्र काढलं, दिशा पाहिली, आणि जिथे बायकोची खुर्ची येणार तिथे खडूने फुली काढली. समोर कुठली बांधकामं येतील, सूर्य कुठून फिरेल, सगळा हिशोब केला. भूगोलाच्या मास्तरांनी त्या स्लॅबवर जे जे करायचं ते सगळं केलं. फक्त खाली बसून पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी ताबा मिळाला. शरणपूर रोडचा तो प्रश्न इथल्या सेक्रेटरीनेही विचारला, फक्त सामान वर चढल्यावर. तोवर मास्तर मालक झाले होते. त्यांनी दारावर आडनावाची ठळक पाटी लावली आणि विषय संपवला.

गॅलरीला बिल्डरने छातीइतका उंच, विटांचा भक्कम कठडा बांधून दिला होता. मास्तरांनी त्यावर थाप मारून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. पहिल्या सकाळी त्यांनी यशोदाबाईंना काखेत हात घालून उचलून धरलं. "दिसली?"

"दिसली," म्हणताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मास्तरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि स्वतः कठड्यावर कोपरं टेकून शेजारी उभे राहिले.

तो रोजचा पाठ झाला. सकाळचा चहा, खुर्चीत यशोदाबाई, शेजारी उभे मास्तर. समोर नकाशा असावा तसा डोंगर, मग तोंडाची टकळी कशी थांबणार? "आज धुकं आहे खालच्या अंगाला. पायऱ्या निम्म्याच दिसतात. वर भगवा ठिपका हलतोय, भिक्खू असावेत. पाऊस येणार, डोंगर जवळ आल्यासारखा वाटतोय. दिसते ना?"

"दिसते."

"हा डोंगर कशाचा, माहीत आहे? बेसॉल्ट. लाव्हा थंड होऊन झालेला." मग लाव्हा, मग सातवाहन, मग मास्तर लहानपणी बापाबरोबर तिथे गेले होते तेव्हाची गोष्ट, जी यशोदाबाईंनी एवढ्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. बापाने खांद्यावर घेऊन चढवलं होतं, पाणी टाक्यातलं प्यायले होते. बाई ऐकत, मधूनच विचारत, "मंग?" आणि शेवटी मास्तर विचारत, "दिसते ना?"

"दिसते की."

असं वर्ष गेलं, बुद्धपौर्णिमाही गेली. मग एक दिवस लाईट गेली आणि लिफ्ट बंद पडली. मास्तर भाजीची पिशवी घेऊन सहा जिने चढून आले. छाती भात्यासारखी हलत होती. यशोदाबाई आत स्टुलावर बसून पोळ्या लाटत होत्या. मास्तर वाऱ्याला म्हणून गॅलरीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या खुर्चीत बसले.

समोर कठडा होता. त्याचं पिवळं डिस्टेंपर, त्यात केसासारखी एक भेग. वर आभाळ आणि आभाळात एक घार. मास्तरांनी मान ताणली. पाठ सरळ केली. कठडा, भेग, आभाळ. दम केव्हाच ओसरला होता, तरी उठवेना. पिशवीतली मेथी खाली सांडली होती, तीही त्यांना दिसली नाही.

काठीचा आवाज आला. यशोदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ओळखलं.

"इथून काहीच दिसत नाही," मास्तर म्हणाले.

"नाय दिसत."

"मग वर्षभर दिसते म्हणत होतीस ती?"

बाईंनी सांडलेली मेथी काठीने एका बाजूला सारली.

"शरणपूर रोडला गज होते. तू हाक मारली होतीस. मी आलो नाही." मास्तरांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. ते ताडकन उठले. "उद्या गवंडी बोलावतो. फोडून टाकतो हा कठडा, गज बसवू."

"ऱ्हाऊ द्या."

"राहू द्या काय? हे घर घेतलं कशासाठी?"

यशोदाबाई सावकाश खुर्चीत टेकल्या. गुडघ्यावर काठी आडवी ठेवली. "गज बसवले, की मी आपली गपचूप बघत बसंन. तुमी आत पेपर वाचाल," त्या म्हणाल्या. "जलमभर पोरांना सांगत ऱ्हायलात. मला कवा काय सांगितलंत? या वर्सात सांगितलं तेवढंच. म्हनून म्हनत व्हते, दिसतीय."

मास्तर उभेच राहिले. मग वाकून सांडलेली मेथी पिशवीत भरू लागले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला नाही. चहा झाला, यशोदाबाई खुर्चीत बसल्या, मास्तर कठड्यावर कोपरं टेकून उभे राहिले. दिसते ना, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही कधी नाही. घसा खाकरला.

"आज लख्ख आहे," ते म्हणाले. "पायथ्याशी एक बस उभी राहिलीय. बाया उतरतायत."

"पांढऱ्या पातळातल्या?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. एवढ्या लांबून बस कसली, नीट रस्ताही दिसत नव्हता.

"पांढऱ्या पातळातल्या," ते म्हणाले. "सगळ्यांत पुढे एक आहे, ती सारखी मागे वळून बोलतेय."