कीटोप्टेरसची जात

गोंदिया वेगळा निघून भंडारा जिल्हा अर्धा झाला, तरी समुद्र काही जवळ सरकला नाही. अभ्यासक्रमाला मात्र हे कुणी कळवलं नसावं. मोहाडीच्या विणकर मोतीलाल कोष्टींची मंजुषा प्राणिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाली, ती समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या कीटोप्टेरस नावाच्या राठ केसांच्या किड्यापायी. यंदाही उडाली तर शिक्षण बंद, घरी बसून रेशमाच्या कोशाचा धागा काढायचा, असं तिच्या आईने, दुर्गाबाईंनी, जाहीर केलं होतं. मंजुषेच्या धाग्याला पडणाऱ्या गाठी आठवून मोतीलालच जास्त घाबरले. परीक्षेच्या आदल्या दुपारी त्यांनी हातमाग थांबवला.

“सांग, कसा खाते थो?”

“नळीत राहते, बाबा. तीन पंखे हलवून पाणी आत ओढते. मंग चिकट लाळेची जाळीदार पिशवी विणते. पाणी निघून जाते, खाणं पिशवीत अडकते.”

“ताना-बाना?”

“नाही. नुसती लाळ.”

“मंग त्याले विणणं काहून म्हणतेस? बरं, पुढं.”

“पिशवीची गोळी करते अन् गिळते.”

“पिशवीसकट?”

“पिशवीसकट. मंग दुसरी विणते.”

मोतीलालनी थांबवलेल्या मागाकडे एकदा पाहिलं.

“बाजारात एकही पिशवी नाही नेत?”

“बाबा, किडा आहे थो.”

“असू दे. बिनव्यापाऱ्याचा धंदा करून राहिला. पुन्हा सांग.”

त्यांनी तिच्याकडून अकरा वेळा सांगवून घेतलं. अभ्यासासाठी नव्हे, विश्वास बसेना म्हणून.

दुसऱ्या दिवशी मंजुषा भंडाऱ्याहून परीक्षा देऊन आली.

“खाणं सगळं सांगितलं. सर खूश. मंग वर्गीकरण विचारलं. संघ सांगितला, वर्ग सांगितला. मंग म्हणे, जाती?”

“मंग?”

“लॅटिन नाव आठवलं नाही. कोष्टी म्हटलं.”

दुर्गाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. मोतीलालना मात्र उत्तरात चूक दिसेना.

“कुळ नाही विचारलं?”

“विचारलं. म्हटलं, थे बाबाले माहीत राहते.”

“काय म्हणे मंग?”

“लय वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मंग वीसपैकी बारा लिहिले. पास झाली मी.”

मोतीलालनी सुटकेचा श्वास सोडला. मग जरा विचार करून म्हणाले,

“आठ कुळाचे कापले. मले फोन लावाचा होता ना, बाई.”