दोन बोटांचा चमत्कार

"वाढला! वाढला! दोन बोटं वाढला!"

साऱ्या नाट्यगृहात एकच गलका उठला. माणसं खुर्च्यांवर चढली. रंगमंचावर पांढऱ्या सुटातला उपदेशक गुडघ्यांवर बसून एका लंगड्या माणसाचे दोन्ही पाय टाचांखाली धरून होता. मागच्या पडद्यावर ते पाय घराएवढे दिसत होते. मघाशी आखूड असलेला डावा पाय सगळ्यांच्या देखत उजव्याच्या बरोबरीला आला होता. ड्रम वाजले, निळा उजेड लाल झाला आणि हालेलुयाच्या गजरात तो माणूस थयथया नाचू लागला.

उपदेशक स्वतःला 'महाप्रेषित' म्हणवून घेत असे. साध्या प्रेषितावर त्याचं भागत नसावं. शेजारच्या मखमली खुर्चीत निवडणुकीला उभा राहिलेला एक पुढारी हात जोडून बसला होता. त्याचे डोळे मिटलेले होते, पण कॅमेरा वळला की नेमके उघडत होते.

"डॉक्टरकडे एक पाय आणि प्रभूकडे एक पाय, अशानं चंगाई मिळत नाही!" महाप्रेषित गरजला. "शंका सोडा! दवाखान्याच्या तारखा सोडा! आणि ज्यानं ही सभा भरवली, त्या सेवकाला विसरू नका!"

पुढाऱ्यानं लगेच मान लववली.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजोबांचं मात्र नाचणाऱ्याकडे लक्ष नव्हतं. पन्नास वर्षं त्यांनी बूट शिवले होते. माणसाचं तोंड विसरतील, पण तळ विसरायचे नाहीत. पडद्यावर आत्ताच त्यांनी त्या माणसाच्या बुटांचे तळ पाहिले होते. दोन्ही सारखेच झिजलेले! जन्मभर लंगडणाऱ्याचा एक तळ दुसऱ्यासारखा कधी झिजत नाही. आणि बुटांना नाडी नाही, माप एक नंबरानं मोठं. याच नाट्यगृहातल्या नटांना त्यांनी असे सैल बूट कितीतरी वेळा शिवून दिले होते. पण नटांनी कधी 'हे खरं आहे' असं म्हटलं नव्हतं. तिकिटावरच 'नाटक' छापलेलं असायचं.

शेजारी सून फोन कानाला लावून बसली होती.

"कुणाला लावतेस?"

"इस्पितळाला. गुरुवारची तारीख नको म्हणून सांगते."

सुनेच्या मांडीवर डोकं टेकलेली नात चिमणी बारा वर्षांची. तिचा डावा पाय दोन बोटं आखूड होता. ऑपरेशनची तारीख मिळायला दीड वर्ष गेलं होतं. हाडं वाढायची थांबली की हे ऑपरेशन होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"सूनबाई, जरा दम धर."

"बाबा, तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तर पोर अशी राहिली!"

हे आजोबांना लागलं. साठ वर्षांत त्यांची एकाही रविवारची उपासना चुकली नव्हती. ते काही बोलणार, तोच सून पोरीला घेऊन उठली आणि रंगमंचावर चढली. फोन तसाच कानाला. पलीकडून 'कृपया प्रतीक्षा करा' आणि मग संगीत.

महाप्रेषितानं चिमणीचे बूट पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. घोट्यापर्यंत नाडी, डाव्याखाली आजोबांनी चिकटवलेला कॉर्कचा जाड तळ. माईकवर हात ठेवून तो दबक्या आवाजात म्हणाला, "आत नेऊन बूट बदला." दोन सेविका कुणाच्याही पायात जातील असे सैल, सपाट बूट घेऊन उभ्याच होत्या.

"बूट का बदलायचे?" सेविकांच्या हातातले बूट पाहून आजोबा खालून ओरडले.

"कोण तो? बाहेर काढा!"

पण पुढाऱ्याला कॅमेरा आपल्याकडे वळलेला दिसला. तो तोंडभर हसला. "ज्येष्ठांचा मान राखला पाहिजे. या काका, वर या!"

आजोबा वर गेले. सेविकेच्या हातातले सैल बूट त्यांनी स्वतःच्या पायांत घातले आणि खुर्चीवर बसले.

"चिमणे, माझे पाय उचलून धर. आता उजवा बूट टाचेपासून जरासा पुढे ओढ."

चिमणीनं ओढला. कॅमेरावाल्याला सांगून ठेवलं होतं, की खुर्चीत पाय दिसले की मोठे करून दाखवायचे. त्यानं इमानेइतबारे दाखवले. उजवा पाय लांब, डावा दोन बोटं आखूड!

"अरे देवा, मी लंगडा झालो!" आजोबा म्हणाले. "आता उजवा आत ढकल."

तिनं ढकलला. दोन्ही पाय सारखे झाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "पोरी, हालेलुया म्हणायचं राहिलं की!" आणि हशाचा धबधबा कोसळला.

"सैतान बोलतोय!" महाप्रेषित किंचाळला.

"सैतान नाही हो, बूट शिवणारा बोलतोय. हा पाहा माझ्या नातीचा पाय. बूट काढतो, मोजपट्टी लावतो. वाढवा. अर्धं बोट वाढवलंत तरी तुमचे बूट मी जन्मभर पुसेन."

"इथं अविश्वासाची हवा आहे. अशा हवेत..."

"म्हणजे नाडी बांधली की हवा बिघडते?"

पुढाऱ्याची खुर्ची एव्हाना रिकामी होती. मघाचा लंगडा आतल्या दारानं पळाला, तोही दोन्ही पायांनी सारखा.

पहिल्या रांगेत आजोबांच्या चर्चचे पाळक मान खाली घालून बसले होते. आजोबांनी विचारलं, "पाळकसाहेब, तुम्हाला एवढ्या जवळून दिसलं नाही?"

"दिसलं," पाळक हळूच म्हणाले. "पण आपली बाकं रिकामी आणि इथं एवढी गर्दी. मोह झाला."

"ज्याच्या नावानं हे चाललंय, तो प्रभू माणसाला बरं करून 'कुणाला सांगू नकोस' म्हणायचा. ह्यांना कॅमेऱ्याशिवाय दया येत नाही!"

सून कोपऱ्यात थिजून उभी होती. तिच्या फोनवरचं संगीत थांबलं.

"हॅलो, इस्पितळ. बोला."

तिनं चिमणीच्या पायांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "काही नाही, ताई. गुरुवारी किती वाजता यायचं, तेवढंच विचारायचं होतं."

मग खाली बसून तिनं चिमणीच्या नाड्या पुन्हा नीट बांधल्या. डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."

"आई आहेस. आशेला कोण दोष देईल? दोष त्याला, जो आशेचा धंदा करतो."

आजोबा गुरुवारी प्रार्थना करूनच इस्पितळात गेले. प्रार्थना आणि मोजपट्टी त्यांच्या एकाच खिशात सुखानं नांदत होत्या. ज्याला देव मानायचा त्यानं खुशाल मानावा, भांडण त्याच्याशी नाही. पण कुणी पाय वाढवून दाखवतो म्हणाला, तर हात जोडण्याआधी एवढंच सांगा: बूट काढा, मग मोजू.