आत्याच्या पाठीवरचे बुक्के

निशिगंधाची जीभ ‘प’वर अडखळायची, अगदी लहानपणापासून. पाय अडखळला तर माणसं हात देतात. जीभ अडखळली की घाईघाईनं शब्द देतात. दुकानात तिनं “पा... पा...” म्हटलं की दुकानदार म्हणायचा, “पापड व्हय?” ती मान हलवायची, आणि पावडर आणायला गेलेली पोरगी पापड घेऊन घरी यायची.

आता भावाच्या मुलाचं बारसं आलं. नाव तिनंच सुचवलेलं, मनात कितीतरी वर्षं जपलेलं, आणि नेमकं ‘प’चं. आत्यानं ते आधी बाळाच्या कानात सांगायचं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं.

“वैनी, दुसरं ठेवूया. न्हायतर मावशीला सांगू दे.”

“मावशी म्हंजे आत्या व्हय?” बाळाच्या मांड्यांना तेल चोळत क्रांती म्हणाली. “नाव त्येच. फकस्त कुणाला सांगायचं न्हाय. तुझ्या दादालाबी न्हाय.”

“का?”

“ठाऊकच नसलं तर तुझ्या तोंडातनं काढून घेणार कोण?”

बारशाला सगळी गल्ली लोटली. निशिगंधा पाळण्यावर वाकली. मागं बायका मुठी उगारून सज्ज. नाव सांगितलं रे सांगितलं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायचा त्यांचा हक्क.

ओठ मिटले ते मिटलेच. नुसता श्वास फुटला, “प्... प्...”

“प्रताप!” शेजारची बाळाबाई ओरडली.

“गप की! प्रणव असणार.”

“प्रसाद व्हय गं?”

निशिगंधाची मान सवयीनं हलणारच होती. तेवढ्यात पाळण्यातून आवाज आला. खिदळल्यासारखा. तीन महिन्यांचं पोर, आजवर गालातच हसलेलं. तिनं पुन्हा कानाशी “प्... प्...” केलं. कानात गुदगुल्या झाल्या तसं ते लाथा झाडत खळखळून हसलं.

“हसला! आवाज काढून हसला!” क्रांतीला रडूच फुटलं.

नावं सुचवायचं राहिलं बाजूला.

“आणखी कर की, आत्याबाई!”

आणखी अडखळ, असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पोटभर अडखळून घेतलं. नाव त्या इवल्या कानात ठेवलं, ताठ उभी राहिली आणि घर दणाणेल अशी ओरडली, “पृ... पृ... पृथ्वीराज!”

बुक्क्यांचा पाऊस पडला. क्रांतीचा सगळ्यात जोरात.

“अगं बायांनो, पा... पा...”

उगारलेले हात तसेच वर राहिले. सगळ्या थांबल्या. कुणीही शब्द दिला नाही.

“...पाठ मोडली की गं माझी!”

मग हात पुन्हा खाली आले.