मे महिन्यातला झरा

घोटीकडच्या टेकडीवर, झऱ्याच्या माउलीच्या चर्चपुढे एवढी रांग लागली होती की त्यात ख्रिस्ती माणूस शोधावा लागत होता. चर्च बांधलेलंच मुळी झऱ्याभोवती. हा झरा दर उन्हाळ्यात आटायचा. यंदा मात्र भर मे महिन्यात खळखळत होता.

फाटकाशी वाल्मीक बाटल्या विकत होता. "साखर, सांधे, मुतखडा! तिन्ही एकाच बाटलीत! इंजेक्शन बंद करा, माउलीला संशय चालत नाही!"

नाशिक रोडला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिभाला रांगेत तिचे वडील सापडले. सावळीरामांनी इन्सुलिन सोडलं होतं आणि पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती.

"आबा, पाय कापावा लागेल म्हणतात डॉक्टर."

"त्याला म्हणावं, एक बाटली तू बी घे."

"अहो, वरचा कालवा गळतोय. त्या पाण्यानं आपलं वावर चिबडलं म्हणून तुम्हीच तक्रार केलीत ना?"

"चर्चच्या कंपाउंडच्या अलीकडं, आपल्या वावरात येतं ते कालव्याचं. पलीकडं माउलीचं."

फादरही रोज तेच सांगत, "बाबांनो, हे गळतीचं पाणी आहे, औषधं सोडू नका." लोक म्हणत, "काय साधा माणूस! श्रेयसुद्धा घेत नाही."

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा आणि फादर कालव्यावर गेले आणि भेगेत जिलबीवाल्याकडचा लाल रंग ओतला. खायचाच, कारण लोक पिणार हे ठरलेलं. दुपारी झरा लाल झाला. प्रतिभानं पायरीवर उभं राहून रिकामा डबा दाखवला, सगळं समजावून सांगितलं.

"रगत!" वाल्मीक ओरडला. "माउलीनं नास्तिक बाईच्या हातून चमत्कार करून घेतला!"

रांग दुप्पट झाली.

प्रतिभानं वडिलांना हाताला धरून कंपाउंडशेजारच्या त्यांच्याच वावरात नेलं. तिथल्या सरीतही लाल पाणी होतं. "बघा आबा. अलीकडं तेच, पलीकडं तेच. वरून एकच पाणी येतंय."

सावळीरामांनी वाकून सरीतलं पाणी ओंजळीत घेतलं. "खरंय पोरी," ते म्हणाले. प्रतिभाला हायसं वाटलं. "म्हंजे माउली आपल्याबी वावरात आली."

"आबा, माउलीला मेणबत्ती लावा, हात जोडा, मी अडवत नाही. पण जे डोळ्यांनी दिसतंय त्याचा विचार करा हो. पाय औषधानं वाचेल, पाण्यानं नाही."

सावळीरामांनी मान डोलावली, चप्पल काढली आणि जखमेचा पाय सरीत बुडवला.