बारा मिनिटांची ओवी

शिवप्पा बुधवारी गेला. रविवारी सकाळी त्याचा धाकटा भाऊ सिद्धाप्पा याचा फोन वाजला.

"पुण्याहून दोन बस येतायत," उदयसिंह म्हणाले. सोलापूरजवळचं कृषी पर्यटन केंद्र त्यांचं. "तुमच्या घरचं कळलं. पण पाहुण्यांना धनगरी ढोल कबूल केलाय."

सिद्धाप्पानं फोन ठेवला. सुतकात ढोलाला हात लावत नाहीत, हे त्याला सांगायला नको होतं. तरी त्याची बायको फुलाबाई म्हणाली, "सख्खा भाऊ गेलाय तुमचा. चार दिस झालं न्हायती."

"न्हाय गेलो तर दुसरा ताफा बोलवतील," म्हणत त्यानं खुंटीवरचा ढोल काढला.

देवळात शिवप्पानं बिरुदेवाची ओवी सकाळी सुरू केली की दिवस कलंडेपर्यंत चालायची. केंद्रावर बारा मिनिटं, मग जेवण. पहिल्या वर्षी शिवप्पा एकदाच आला होता. "देवाला रानात सोडून जेवायला उठायचं व्हय?" म्हणाला आणि पुन्हा तिकडं फिरकला नाही.

सिद्धाप्पानं गुलाबी फेटा बांधला, नाचला, गायला. एक बाई मोबाईल धरून म्हणाली, "काका, जरा हसा ना." तो हसला. गाताना रडू फुटेल असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

तेरावं झालं, सुतक फिटलं. गाव देवळात जमलं. आता भावाच्या जागी त्यानंच गायचं. भंडारा लावून त्यानं ओवी उचलली. देव जन्मला, वाढला, मेंढरं घेऊन रानात शिरला. तिथं सिद्धाप्पा थांबला. ढोल वाजत राहिले. झांजवाल्यांनी दोनदा वळून पाहिलं.

"कढ आला गड्याला," कुणीतरी म्हणालं. शिवप्पाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. सिद्धाप्पाला कुणी पाणी दिलं. तो प्यायला.

घरी फुलाबाईनं विचारलं, "लई आठवण आली व्हय भावजींची?"

"न्हाय. फुडची ओवी आठवंना."

"मग आता कुणाला येती?"

"त्यालाच येत हुती."

फुलाबाई म्हणाली, "तुमचं चुलतं मेंढरं घिऊन अक्कलकोटाकडं गेल्यात. त्यांनी ऐकल्याली आसंल. इचारा की जाऊन."

"इचारीन."

"रविवारी जाता?"

सिद्धाप्पा ढोलाच्या दोऱ्या ओढून बघत होता.

"रविवारी केंद्रावर शाळेची सहल येणार हाय," तो म्हणाला.