अकोल्याचे रविवार

दामिनीच्या पीएचडीला शेवटची मुदतवाढ मिळाली, तेव्हा विद्यापीठातल्या कारकुनाने मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. "दिवाळीच्या आत थीसिस आणा मॅडम, नाहीतर रजिस्ट्रेशन गेलं समजा," एवढंच तो म्हणाला. अमरावतीच्या कॉलेजात दिवसभर शिकवून, घरी स्वयंपाकपाणी उरकून जो वेळ उरेल त्यात ती फिजिक्स करत होती. उरायच्या त्या जांभया.

तिचं काम म्यूऑनवर होतं. हे बारीक कण आकाशातून सतत आपल्या डोक्यावर पडत असतात आणि आपल्याला पत्ता नसतो. चार-पाच देशांतली कॉलेजं मिळून ते मोजत होती. मोजणीची पेटी जितकी तापेल तितकी ती कमी मोजते. मग पेटीवरच्या थर्मामीटरचा आकडा बघून प्रोग्रॅम ती तूट भरून काढतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात ही दुरुस्ती कितपत टिकते, हाच दामिनीच्या थीसिसचा विषय. अकोल्याची पेटी तिचा एमएस्सीचा वर्गमित्र शाकीब सांभाळायचा, त्याच्या कॉलेजच्या गच्चीवर, टिनाच्या खोलीत.

प्रोग्रॅम सगळ्यांचा मिळून एकच, इंटरनेटवरच्या सामायिक रिपॉझिटरीत ठेवलेला. बदल कोणीही सुचवावा, पण दोन परीक्षकांनी होकार दिल्याशिवाय तो आत जायचा नाही. हिवाळ्यातच त्यातली एक ओळ दामिनीला खुपली: तापमान पंचेचाळीसच्या वर गेलं तर थर्मामीटर बिघडलं समजून तो आकडा गाळावा. लिहिणाऱ्या बाबाने मे महिन्यातलं अकोला पाहिलं नव्हतं हे उघडच होतं. तिने पंचेचाळीसच्या जागी साठ सुचवलं आणि वाट बघत बसली.

बसली म्हणजे बसलीच. एका परीक्षकाने विचारलं, इतकं तापमान खरंच असतं का, पुरावा द्या. तिने दिला. दुसऱ्याने विचारलं, खोलीत एसी का बसवत नाही? याचं उत्तर तिने दोन-तीनदा लिहिलं आणि खोडलं, कारण दर वेळी ते शिवीवर जात होतं. मग एक जण सुट्टीवर गेला. तो आला तर दुसरा गेला. एवढ्याशा बदलासाठी अख्खा उन्हाळा सरला आणि जून लागल्यावर होकार आला, तोही नुसत्या अंगठ्याच्या चित्राने.

तिला आनंद व्हायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं. मूळ आकडे साठवलेले असतातच, म्हणून तिने नव्या मर्यादेने अकोल्याचा सगळा उन्हाळा पुन्हा काढला. आलेख पडद्यावर आला आणि ती बघतच राहिली. सोमवार ते शनिवार पेटी चव्वेचाळीसच्या वर जातच नव्हती. रविवारी मात्र थेट बावन्न. सूर्य काय फक्त सुट्टी बघून अकोल्यात उतरत होता?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिने अकोल्याची एसटी धरली.

शाकीबने तिला मोठ्या हौसेने गच्चीवर नेलं. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. शेजारी बादली आणि मग.

"हे काय होय?" तिने विचारलं.

"तुह्यासाठीच केलं ना," शाकीब म्हणाला. "ते लोकं होकार देऊन नव्हते राहिले. पंचेचाळीसच्या वर गेलं का प्रोग्रॅम आकडा फेकून देते. मंग मी म्हटलं, आपूनच वर जाऊ देऊ नाई. दर पिरियडनंतर येऊन पानी मारत होतो. एकडाव तर इथंच नाकाचा घोळणा फुटला माह्या."

"अन् पेटीले?"

"पेटीले कसं मारू? करंट आहे ना तिच्यात."

दामिनी बादलीशेजारी उकिडवी बसली. "शाकीब, थर्मामीटर थंड झालं. पेटी तर भाजतच होती."

शाकीबही फिजिक्सच शिकवत होता. त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. खोट्या थंडाव्यावर विश्वास ठेवून प्रोग्रॅमने तूट कमी भरली होती. कॉलेज बंद म्हणून फडकं सुकून जायचं ते रविवार तेवढे खरे, बाकी उन्हाळा पाण्यात. "या अल्ला," एवढंच तो पुटपुटला. तिला ओरडायचं होतं, पण उन्हाने सोललेल्या त्याच्या नाकाकडे पाहून ती थर्मामीटरवरचं फडकं सोडवू लागली. एवढ्या महिन्यांत तिच्या थीसिसची काळजी याच्याइतकी कोणीच केली नव्हती, आणि तो थीसिस यानेच बुडवला होता.

"कोनाले समजन?" शाकीब हळूच म्हणाला. "वार कोन पाह्यते?"

कोणी पाहिलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. "मले समजलं ना आता," ती म्हणाली. तिथेच लॅपटॉप उघडून तिने रिपॉझिटरीत नवा बदल सुचवला: अकोल्याच्या या उन्हाळ्यातले रविवार सोडून सगळे दिवस गाळावेत. कारणही लिहिलं, ओल्या फडक्यासकट. शाकीबचं नाव तेवढं लिहिलं नाही.

तिला स्टँडवर सोडताना शाकीब म्हणाला, "त्या पंचेचाळीसले किती महिने लागले? याले बी तितकेच लागतीन. तवरीक हेच आकडे घालून थीसिस देऊन टाक तू."

तिने त्याला वेड्यात काढलं. पण बस बोरगाव मंजूच्या पुढे निघाली तशी ती स्वतःही तेच घोळवू लागली. एक जण सुट्टीवर जाईल, दुसरा पुरावा मागेल, एसीचं विचारेल, दिवाळी येईल. स्वतःची लाज वाटत होती, तरी मन तिकडेच धावत होतं.

मांडीवरचा फोन वाजला. दोन्ही परीक्षकांचा होकार आला होता, बदल आत गेला होता. एकाने वर लिहिलं होतं: असेच नेमके बदल सुचवत जा, उत्तराला उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

दामिनीने फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीच्या दांडीला डोकं टेकलं. मूर्तिजापूर अजून यायचं होतं.