मला तेल पाजलं त्या वर्षी

मी एक जुनी फळी आहे. भिंतीवरची नव्हे, समुद्राच्या लाटांवर उभं राहायची. सर्फबोर्ड म्हणतात मला. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भयंकर भित्री आहे. पाणी दिसलं की माझ्या काळजात धस्स होतं. हसू नका. लाटेखाली तुम्ही कधी गेला नाहीत, म्हणून हसता.

माझा जन्म डोंबिवलीच्या एमआयडीसीतला. सुशांतदादांच्या शेडमध्ये पाण्याच्या टाक्या बनायच्या. त्यांना लाटांचं वेड लागलं आणि टाक्यांच्याच फायबरमधून त्यांनी मला घडवलं. मग चार दोस्तांना घेऊन कोकणातल्या एका किनाऱ्यावर त्यांनी स्पर्धा भरवली, दर्याचषक. पहिल्या वर्षी काय फजिती! परीक्षक मासळीच्या लिलावाच्या ओट्यावर छत्र्या उघडून बसलेले. स्पर्धक धपाधप पाण्यात पडायला लागले, तसं गावातल्या एका नाखव्याला वाटलं, ही शहरातली पोरं बुडतायत. त्यानं होडी घातली आणि सगळ्यांना ओढून काठावर आणलं. सुशांतदादा हात जोडून सांगत होते, पण तो ऐकेल तर शपथ. मला विचाराल तर मला सुटल्यासारखं झालं.

स्पर्धा दरवर्षी वाढत गेली. मचाण आलं, भोंगा आला, रंगीत बनियनं आली. पुढे मोठी बक्षिसं लागली आणि तमिळनाडू, कर्नाटकातले, ह्यावरच पोट भरणारे पट्टीचे खेळाडू यायला लागले. एका वर्षी वादळानं मांडव उडवून नेला. रोगराईच्या काळात स्पर्धा झालीच नाही. सगळे हळहळले, मी मात्र शेडमध्ये निवांत पडलेले. मग मुलींचा गट सुरू झाला, सुशांतदादांनी मला लिओनाला देऊन टाकलं आणि माझं सुख संपलं.

लिओना त्यांच्याच शेडमध्ये कामाला. राहायची ठाण्याला, कोपरीत, वडिलांबरोबर. तिचे वडील पॉलकाका जन्मभर खाडीत मासेमारी केलेले. त्यांच्या लेखी मी होडीच, पोरीची होडी. येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायचे.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी लिओना कामावर गेली आणि पॉलकाकांनी मला खाली उतरवलं. माझ्या पाठीवर मेणाचा खरखरीत थर असतो, पाय घसरू नये म्हणून मुद्दाम घासलेला. त्यांना वाटलं, काय हा मळ! गरम पाण्यानं तो सगळा काढला. मग हंगामाआधी होडीला तेल पाजतात तसं त्यांनी मला पोटापाठीला तेल पाजलं. मासळीच्या तेलाला वास येईल म्हणून घरातलं चांगलं खोबरेल घेतलं बिचाऱ्यांनी. फडक्यानं पुसून मला चकचकीत केलं, पिशवीत घातलं आणि चेन ओढली. आत मी नुसती घाबरून गेलेले. मला तोंड असतं तर ओरडले असते हो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर नेमका वारा फिरला आणि मुलींची फेरी आधी लावली. लिओनानं धावत येऊन मला बाहेर काढलं, घाईघाईनं मेण फिरवलं. ते तेलावर बसतंय कुठलं! तिच्या कपाळाला आठी पडली, पण तेवढ्यात भोंगा वाजला आणि ती पाण्यात शिरली.

लाट उठली. लिओना उभी राहिली आणि तिचे पाय माझ्यावरून सटकले. ती खाली, मी वर, मधे तिच्या घोट्याला बांधलेली दोरी. ती वर आली, मला धरायला गेली, हात निसटला. पुन्हा धरलं, पुन्हा निसटला. मागून दुसरी लाट आली. मित्रांनो, आपल्या माणसाचे हात आपल्याच अंगावरून निसटताना बघणं फार वाईट. त्या लाटेनं मला उलटं केलं, तेव्हा कुठे माझ्या पोटावरचा फिन तिच्या मुठीत आला. माशाच्या परासारखा असतो तो. त्याला लटकून ती काठाला लागली.

आमच्याबरोबर आलेले पॉलकाका वाळूत गुडघे टेकून बसलेले. लिओनानं आपल्या हाताचा वास घेतला आणि तिला सगळं कळलं. पण बापाचा पांढरा पडलेला चेहरा बघून ती एवढंच म्हणाली, "लाट मोठी होती, पप्पा."

ह्या एका वाक्यानं माझी वर्षभर झोप उडवली. कारण पॉलकाकांनी मनाशी धरलं, एवढ्या मोठ्या लाटेला तेलच कमी पडलं. यंदा दर्याचषक जवळ आला तसे एका दुपारी ते बाटली घेऊन आले आणि मला स्टुलांवर आडवं केलं. "बाय, ह्या टायमाला दोन हात देतो हिला."

लिओना दारात चपला घालत होती. ती थबकली. माझा जीव नुसता टांगणीला. सांग गं बाई, सांग एकदाचं.

"पप्पा, नको," ती म्हणाली. "तेलानंच पाय सटकला होता माझा."

पॉलकाकांनी बूच लावून बाटली खाली ठेवली. हात लुंगीला पुसले, पुन्हा पुसले.

"वरीसभर बोलली नाय तू?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आन आज मी परत पाजलं असतं तर?"

लिओनानं चपला काढल्या आणि ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पॉलकाका हळूच म्हणाले, "बरं. मंग हिला काय लागतं, सांग."

तिनं मेणाची वडी त्यांच्या हातात दिली आणि गोल गोल फिरवायला शिकवलं.

मित्रांनो, परवा पुन्हा पाण्यात जायचंय आणि भीती मला अजूनही वाटतेच. तुम्ही मात्र एवढं करा. ज्याच्यावर जीव आहे, त्याची काळजी घेण्याआधी त्यालाच विचारा, तुला काय लागतं? आणि कोणी मायेनं चुकत असेल तर त्याला त्याच दिवशी सांगा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.